पहिल्या अंकाचा मोह

उतरत्या बाजारात जुना, नावाजलेला माल नव्याने मांडण्याचा मोह व्यापाऱ्याला फार लवकर होतो. ज्या नावाने एके काळी गल्ला भरला, तेच नाव पाटीवर पुन्हा रंगवले की गिऱ्हाईक परत येईल, अशी त्याची श्रद्धा असते. ही श्रद्धा कधी खरी ठरते, कधी तिच्यापायी दिवाळे निघते. कोणत्या परिस्थितीत काय घडते, हे पाहावयाचे असल्यास अमेरिकेतील अतिमानवी नायकांच्या चित्रकथांचा, म्हणजेच कॉमिक्सचा, इतिहास फार उद्बोधक आहे. हा वाङ्मयप्रकार मराठी वाचकांना अगदीच परका नाही. १९६४ साली मुंबईहून सुरू झालेल्या आणि १९९० मध्ये बंद पडलेल्या 'इंद्रजाल कॉमिक्स'च्या मराठी आवृत्तीतून अमेरिकन चित्रकथांतील वेताळ अनेक घरांत पोहोचला होता. परंतु या नायकांच्या मायभूमीत त्यांच्यामागे जो व्यवहार उभा होता, त्याची कथा आपल्याकडे फारशी सांगितली गेलेली नाही.

या व्यवहाराचा उदय १९३८ चा. त्या वर्षी जून महिन्याची तारीख धारण करणाऱ्या 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात सुपरमॅन अवतरला. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांची ती निर्मिती होती. अंकाची किंमत होती अवघी १० सेंट. त्याच्या यशामागोमाग मुखवटे आणि अंगरखे घातलेल्या नायकांची रीघच लागली. १९४० च्या जानेवारीत विद्युद्वेगाने धावणारा 'फ्लॅश' आला. १९४१ च्या मार्चमध्ये मार्टिन गुडमन या प्रकाशकाच्या संस्थेतून अमेरिकेचा ध्वजच अंगावर ल्यालेला 'कॅप्टन अमेरिका' आला. महायुद्धाच्या काळात या पुस्तिका घरोघरच्या मुलांप्रमाणेच आघाडीवरच्या सैनिकांच्याही हाती असत.

युद्ध संपले आणि ही भरती ओसरू लागली. वाचकांना आता गुन्हेगारीच्या, प्रेमाच्या, भयाच्या आणि रानटी पश्चिमेच्या कथा हव्याशा वाटू लागल्या. 'फ्लॅश कॉमिक्स' १०४ व्या अंकानंतर १९४९ मध्ये थांबले. त्याच सुमारास कॅप्टन अमेरिकाही मावळला. अनेक नायकांना एकत्र आणणारे 'ऑल स्टार कॉमिक्स' १९५१ मध्ये नाव बदलून घोडेस्वारांच्या कथांकडे वळले. सुपरमॅन, बॅटमॅन आणि वंडर वुमन असे मोजके नायकच आपल्या स्वतंत्र नियतकालिकांसह तग धरून राहिले.

अशा पडत्या काळात पुनरुज्जीवनाचा पहिला मोठा प्रयोग झाला तो गुडमन यांच्याच संस्थेत. ही संस्था त्या वेळी 'अ‍ॅटलस' या नावाने ओळखली जाई. पुढे तिचेच नाव 'मार्व्हल' झाले. १९५२ पासून सुपरमॅनची मालिका अमेरिकन टेलिव्हिजनवर गाजत होती, आणि तिच्याकडे पाहून इतर प्रकाशकांच्या आशा पालवल्या असल्यास नवल नाही. १९५३ च्या डिसेंबरची तारीख असलेल्या 'यंग मेन' या नियतकालिकाच्या २४ व्या अंकात गुडमन यांनी ह्यूमन टॉर्च, सब-मरिनर आणि कॅप्टन अमेरिका या आपल्या तिन्ही जुन्या नायकांना एकदमच बाहेर काढले, आणि काही महिन्यांतच प्रत्येकाला स्वतंत्र नियतकालिकही देऊन टाकले. वाचकांचा कौल हाती येण्याची वाट पाहिली गेली नाही. कॅप्टन अमेरिका तोच, त्याचा वेष तोच. फरक एवढाच, की नाझींच्या जागी आता तो साम्यवाद्यांशी लढू लागला. त्याचे अंक निघाले अवघे तीन. १९५४ चा सप्टेंबर उजाडेतो त्याचा खेळ आटोपला होता. सब-मरिनर १९५५ च्या ऑक्टोबरपर्यंत कसाबसा पोहोचला आणि मग तोही बुडाला.

हा प्रयोग चित्रकारांच्या उणिवेमुळे फसला असे म्हणता येत नाही. कॅप्टन अमेरिकाच्या त्या कथा मुख्यत्वे जॉन रोमिटा यांनी रेखाटल्या होत्या, आणि हेच रोमिटा पुढे स्पायडर-मॅनचे नामांकित चित्रकार म्हणून प्रसिद्ध झाले. खरे कारण असे, की ज्या वाचकांसाठी हे नायक परत आणले गेले, तो वाचक आता उरला नव्हता. युद्धकाळात दहा वर्षांचे असलेले मूल आता विशीच्या घरात पोहोचले होते, आणि नव्या दहा वर्षांच्या मुलाला या नायकांची काहीच आठवण नव्हती. त्याच्यापुढे जुना मनुष्य जुन्याच रूपात उभा करून त्याने त्याला ओळखावे, अशी अपेक्षा धरली गेली होती.

त्यातच वादळ उठले. १९५४ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांचे कॉमिक्सवर कठोर टीका करणारे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी अमेरिकन सिनेटच्या एका उपसमितीने न्यूयॉर्क येथे या विषयावर साक्षी घेतल्या, आणि धास्तावलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच निर्बंध घालणारी एक आचारसंहिता तयार केली. गुन्हेगारीच्या आणि भयाच्या कथांवर तिचा विशेष रोख होता. दुसरीकडे टेलिव्हिजनचा प्रसार होत होता. १९५० साली दहा घरांपैकी जेमतेम एका घरात असणारे ते यंत्र १९६० पर्यंत दहांपैकी जवळजवळ नऊ घरांत पोहोचले. १९५७ मध्ये तर 'अमेरिकन न्यूज कंपनी' या देशव्यापी वितरकाने नियतकालिकांचे राष्ट्रीय वितरणच बंद केले. गुडमन यांनी आपली स्वतःची वितरणव्यवस्था मोडून थोड्याच काळापूर्वी तिचा आश्रय घेतला होता. त्यांना आता आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या मालकीच्या वितरणसंस्थेकडे जावे लागले, आणि महिन्याला सुमारे आठच नियतकालिके काढण्याची तिची अट मुकाट्याने मान्य करावी लागली.

हा प्रतिस्पर्धी म्हणजे सुपरमॅनची प्रकाशक 'नॅशनल' ही संस्था. ती पुढे 'डीसी' या नावाने ओळखली जाऊ लागली. याच मंदीच्या काळात तिने केलेला पुनरुज्जीवनाचा प्रयोग मात्र यशस्वी झाला, आणि तो कोणत्या रीतीने झाला हे बारकाईने पाहण्यासारखे आहे.

त्यासाठी त्या काळची विक्रीची पद्धत ध्यानात घेतली पाहिजे. कॉमिक्स त्या वेळी वृत्तपत्रांच्या ठेल्यांवर, औषधांच्या आणि किरकोळ सामानाच्या दुकानांत विकली जात. जे अंक विकले जात नसत त्यांच्या मुखपृष्ठाचा वरचा भाग फाडून तो परत पाठवावयाचा आणि आपले पैसे वळते करून घ्यावयाचे, अशी विक्रेत्यांना मुभा होती. विक्री फसली तर तिचा भार प्रकाशकावर पडे. शिवाय खरा खप किती झाला हे कळण्यास कित्येक महिने लागत. नवे नियतकालिक काढून ते आपटले, तर चार-सहा अंकांचा खर्च अंगावर बसल्यानंतरच ते आपटल्याचे ध्यानात येई. हे नुकसान आटोक्यात ठेवण्यासाठी नॅशनलने १९५६ मध्ये 'शोकेस' नावाचे एक नियतकालिक सुरू केले. प्रत्येक वेळी एखादी नवी कल्पना त्यात मांडावयाची, खपाचे आकडे येऊ द्यावयाचे, आणि मगच तिला स्वतंत्र संसार थाटून द्यावयाचा, असा हा बेत होता. पहिल्या अंकात अग्निशामक दलाचे जवान होते. तिसऱ्यात पाणबुडे होते. सप्टेंबर-ऑक्टोबर १९५६ च्या चौथ्या अंकात फ्लॅश आला.

परंतु हा फ्लॅश जुना नव्हता. संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांनी त्याचे नाव आणि त्याचा वेग एवढेच राखले; बाकी सारे बदलले. लेखक रॉबर्ट कॅनिघर आणि चित्रकार कार्माइन इन्फान्टिनो यांनी त्याला नवा वेष दिला, नवा व्यवसाय दिला. नवा नायक बॅरी अ‍ॅलन हा पोलीस खात्यातील शास्त्रज्ञ होता. कथेच्या प्रारंभीच तो जुन्या फ्लॅशचे एक कॉमिक वाचताना दिसतो. ज्याला जुना फ्लॅश ठाऊक होता त्याला त्यात ओळखीची खूण सापडे. ज्याला ठाऊक नव्हता त्याचे काही अडत नसे.

हा अंक चांगला खपला, तरीही कोणी उतावीळ झाले नाही. १९५७ मध्ये 'शोकेस'च्या आठव्या अंकात फ्लॅश पुन्हा आला. १९५८ मध्ये तेराव्या आणि चौदाव्या अंकांत आणखी दोनदा आला. चार परीक्षा आणि अडीच वर्षे उलटल्यानंतर १९५९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याचे स्वतंत्र नियतकालिक निघाले. त्यावर अंक पहिला असे छापलेले नव्हते. त्यावर क्रमांक होता १०५. दहा वर्षांपूर्वी १०४ व्या अंकाला जी गणना थांबली होती, तीच पुढे चालू करण्यात आली. अपरिचित नियतकालिकाचा पहिला अंक विक्रेते मागे ढकलून ठेवतात आणि शंभरी ओलांडलेला अंक पाहिला की गिऱ्हाइकाला भरवसा वाटतो, असा त्या काळच्या प्रकाशकांचा समज होता. आतील नायक संपूर्णपणे नवा आणि बाहेरील क्रमांक जुना, अशी ती योजना होती. तिच्या यशातून १९५९ मध्ये नवा ग्रीन लँटर्न आला, १९६० मध्ये नायकांचा संघ आला. आणि तो संघ खपतो हे पाहून गुडमन यांच्या संस्थेत स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६१ मध्ये 'फँटास्टिक फोर' निर्माण केले. ज्याला आज आपण मार्व्हल म्हणून ओळखतो त्या साम्राज्याचा खरा पाया तेथे घातला गेला.

एकदा हात पोळलेल्या त्या संस्थेने पुढे कॅप्टन अमेरिकाला परत आणताना दाखविलेली सावधगिरीही लक्षणीय आहे. १९६३ मध्ये 'स्ट्रेंज टेल्स'च्या एका कथेत त्याचा केवळ तोतया आणण्यात आला, आणि खरा कॅप्टन अमेरिका तुम्हांला हवा आहे काय, असा प्रश्न वाचकांना विचारण्यात आला. कौल अनुकूल पडला. १९६४ च्या मार्चमध्ये 'अ‍ॅव्हेंजर्स'च्या चौथ्या अंकात तो बर्फात गोठलेल्या अवस्थेत सापडला. १९४५ पासून तो तेथेच पडून होता, असे कथेत सांगण्यात आले. १९५३-५४ चा फसलेला अवतार जणू कधी झालाच नव्हता! पुढे १९७२ मध्ये त्या अवताराचा उलगडाही देण्यात आला: तो म्हणे कोणी दुसराच मनुष्य होता.

येथवरच्या इतिहासात एक गोष्ट स्थिर होती. प्रयोग फसला तर त्याची झळ प्रकाशकाला लागे, आणि म्हणूनच तो चाचपडत पाऊल टाकी. १९७३ च्या सुमारास ही व्यवस्था बदलू लागली. न्यूयॉर्कचे फिल स्यूलिंग यांनी प्रकाशकांशी एक नवा करार केला: कॉमिक्सच्या खास दुकानांना अंक अधिक सवलतीने आणि थेट मिळावेत, मात्र न विकलेले अंक परत घेतले जाऊ नयेत. ठेल्यांवरील विक्री त्या वेळी झपाट्याने घटत होती, आणि या पद्धतीने एक बुडता धंदा तारला हे मान्यच केले पाहिजे. खास दुकाने वाढली, जाणते वाचक तेथे जमू लागले, लहान प्रकाशकांनाही वाव मिळाला. तथापि, या सोयीबरोबर धोक्याचे ओझे गुपचूप एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेले. दुकानदाराने मागणी नोंदवली की प्रकाशकाची विक्री पुरी झाली. तो अंक पुढे कोणी वाचला काय, हा प्रश्न आता दुकानदाराचा होता.

या बदलाबरोबर पहिल्या अंकाचे मोलही उलटले. जुना 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक मोठ्या किमतीला विकला जातो, हे वाचून अनेकांना पहिले अंक साठवून ठेवण्याचा नाद लागला. ज्या क्रमांकापासून १९५९ चा प्रकाशक दूर राहिला, तोच क्रमांक आता सोन्याचा झाला. १९९० मध्ये 'स्पायडर-मॅन' या नव्या नियतकालिकाच्या पहिल्या अंकाच्या २५ लाखांहून अधिक प्रती गेल्या. १९९१ मध्ये ख्रिस क्लेअरमाँट आणि जिम ली यांच्या 'एक्स-मेन'च्या पहिल्या अंकाच्या ८० लाखांच्या आसपास प्रती छापून बाहेर पडल्या. हा एकच अंक पाच निरनिराळ्या मुखपृष्ठांनी काढला होता, आणि पाचही घेणारे ग्राहक होते. या प्रती दुकानांनी मागविलेल्या होत्या. तेवढे वाचक कोठेच नव्हते. दुर्मिळ म्हणून साठवलेली वस्तू लाखो घरांत साठवलेली आहे हे लोकांच्या ध्यानात येण्यास वेळ लागला नाही. १९९३ पासून बाजार कोसळू लागला आणि पुढील काही वर्षांत हजारो दुकाने बंद पडली. परत न करता येणाऱ्या अंकांचे गठ्ठे त्या दुकानांच्या माळ्यांवर पडून राहिले. बंद पडलेल्या दुकानदारांत अनेक जण असे होते, की ज्यांनी लहानपणापासूनच्या आवडीपायी स्वतःची पुंजी घालून हा धंदा मांडला होता.

अशा वेळी मार्व्हलने दोन पावले उचलली. १९९४ च्या अखेरीस तिने 'हीरोज वर्ल्ड' ही एक वितरणसंस्था विकत घेतली आणि दुसऱ्या वर्षी आपला सारा माल तिच्याच हवाली केला. एका प्रादेशिक संस्थेवर साऱ्या देशाचा भार पडला. इतर वितरकही खचले, आणि १९९७ मध्ये ती संस्था बंद झाल्यावर 'डायमंड' ही एकच मोठी वितरक पेढी मैदानात उरली. दुसरे पाऊल पुनरुज्जीवनाचे. १९९६ मध्ये फँटास्टिक फोर, अ‍ॅव्हेंजर्स, आयर्न मॅन आणि कॅप्टन अमेरिका या चार नियतकालिकांची जुनी गणना तोडून, 'हीरोज रीबॉर्न' या योजनेखाली ती जिम ली आणि रॉब लीफेल्ड यांच्या स्टुडिओंकडे सोपविण्यात आली. चारांवरही अंक पहिला असे झळकले. खप एकदम चढला. परंतु योजना अर्ध्यावर असतानाच लीफेल्ड यांच्याकडील काम काढून घेण्यात आले. तेरा अंकांनंतर ती गुंडाळण्यात आली, आणि १९९८ ची तारीख घेऊन त्याच चार नियतकालिकांचे आणखी एकदा पहिले अंक निघाले. दरम्यान, २७ डिसेंबर १९९६ रोजी मार्व्हलने दिवाळखोरीच्या कायद्याखाली न्यायालयाचा आश्रय घेतला होता.

या दिवाळखोरीचे सारे खापर पुनरुज्जीवनावर फोडणे अन्यायाचे होईल. कर्जाचे डोंगर आणि भलत्या खरेद्या ही तिची मोठी कारणे होती. परंतु पहिल्या अंकाने आणलेला चढ हा बाजाराच्या प्रकृतीत सुधारणा झाल्याचे लक्षण नव्हे, हे त्यातून निर्विवाद सिद्ध झाले. तो चढ बहुतांशी त्याच त्या ग्राहकांच्या खिशातून येत होता. आणि गणना तोडण्याचा एक दुष्परिणाम असा, की चारशे अंक नेमाने घेणाऱ्या वाचकाला थांबण्यासाठी एक सोयीची जागा मिळते. नव्याला आत घेण्यासाठी उघडलेल्या दारातून जुना बाहेर पडतो.

डीसीने २०११ मध्ये याहून मोठा डाव मांडला. ३१ ऑगस्टला 'जस्टिस लीग'चा पहिला अंक काढून, त्यानंतरच्या महिनाभरात तिने आपल्या विश्वाची सारी नियतकालिके नव्या गणनेने सुरू केली. ती एकूण ५२ होती. १९३८ पासून चालत आलेली 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'ची गणनाही ९०४ व्या अंकाला तोडण्यात आली. मात्र या वेळी दोन गोष्टी शहाणपणाच्या झाल्या. बऱ्याच नियतकालिकांचे न विकलेले अंक काही अटींवर परत घेण्याची सवलत दुकानदारांना देण्यात आली, म्हणजे धोक्याचा वाटा प्रकाशकाने पुन्हा उचलला; आणि अंक त्याच दिवशी संगणकावरही विकत मिळू लागले. खप वाढला, आणि काही महिने डीसीने मार्व्हलला मागे टाकले. तरीही एकदम ५२ मालिका पेलणे बाजाराला शक्य नव्हते. २०१२ च्या जानेवारीतच त्यांपैकी सहा बंद करण्याचे घोषित झाले. २०१६ मध्ये 'रीबर्थ' या नावाने डीसीला आणखी एकदा प्रारंभ करावा लागला, आणि तेव्हा 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'ने आपला जुना क्रमांक परत घेतला: अंक ९५७. २०१८ च्या एप्रिलमध्ये त्याचा हजारावा अंक समारंभाने प्रकाशित झाला. मोडलेली गणना जोडली गेली नसती, तर तो योग आलाच नसता. वितरणाचा प्रश्न मात्र सुटला नाही. दोन्ही मोठे प्रकाशक २०२० आणि २०२१ मध्ये डायमंडपासून दूर झाले, आणि २०२५ च्या जानेवारीत त्या पेढीलाही दिवाळखोरीच्या न्यायालयाची पायरी चढावी लागली.

या इतिहासाचा मथितार्थ काय? पडत्या काळात जुने नायक परत आणू नयेत, असा त्याचा अर्थ करणे चुकीचे ठरेल. १९५६ चा काळ १९९६ पेक्षा कमी प्रतिकूल नव्हता. फ्लॅश तरला, कारण त्याला परत आणणाऱ्यांना आपण चुकू शकतो याची जाणीव होती आणि चूक महागात पडली तर ती आपल्यालाच पडणार होती. त्या जाणिवेतून चार परीक्षा आल्या, अडीच वर्षांचा धीर आला, आणि नव्या मुलाला जुन्या आठवणीवाचून समजेल अशी कथा लिहिण्याची निकड आली. उलट, चुकीचा भुर्दंड जेव्हा ठेल्यावरच्या किंवा कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानदाराने भरावयाचा असतो, तेव्हा प्रकाशकाला परीक्षेची गरजच वाटत नाही. मागणीपत्रांच्या बेरजेलाच तो वाचकांची संख्या समजू लागतो. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, अशातलाच तो प्रकार.

कोणत्याही संस्थेत, मग ती व्यापारी असो वा सार्वजनिक, जुन्या योजनेला नवे नाव देऊन तिचा समारंभाने शुभारंभ करण्याची हौस असते. अशा वेळी दोन साधे प्रश्न विचारावेत. ही योजना फसली तर नुकसान कोण सोसणार आहे? आणि तिचे पूर्वीचे नाव ज्याला ठाऊकच नाही, अशा मनुष्याला तिच्यापासून काय मिळणार आहे? १९५९ साली दहा सेंट हातात घेऊन ठेल्यापाशी उभ्या राहिलेल्या मुलाने १०५ या आकड्याकडे बहुधा पाहिलेही नसेल. त्याने मुखपृष्ठावरचा धावता मनुष्य पाहिला, आणि तो कोठे धावत निघाला आहे हे कळावे म्हणून पान उलटले.